एक्कावन्नावं पान

४ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदबाईंचं पितळ आज उघडं पडलं. सकाळी अकरा वाजता, जुन्या सामानाच्या दुकानात, एका मोडक्या आरामखुर्चीमागे.

मी गेले होते टेबलावरचा दिवा शोधायला. नवरा आरेखक आहे, नकाशांचं काम घरी आणतो आणि या नव्या घरात उजेडाची बोंब. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक फळी दिसली, तिच्यावर तीस-चाळीस इंग्रजी पुस्तकं. या परदेशी शहरात कुणी इंग्रजी वाचत नाही. दिव्याचं विसरलेच. पहिलंच ओढलं ते जहाजावरच्या एका डॉक्टरच्या आठवणींचं. माझ्याकडेही हे होतं, असं मनात येतंय तोवर बोटांनी आपसूक एक्कावन्नावं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बारीक ११८. देवनागरी आकडे. इथे देवनागरीत आकडे घालणारी दुसरी कोण असणार?

लग्नाआधी आठ वर्षं मी शाळेच्या ग्रंथालयात होते. शिक्का पहिल्या पानावर असतोच, पण आत एका ठरलेल्या पानावर पुन्हा मारतात. ते पान कोणतं, हे बाहेर सांगायचं नाही. पुस्तक पळवणारा पहिलं पान फाडतो, आतल्या पानापर्यंत त्याची अक्कल जात नाही. आमच्या शाळेचं पान एक्कावन्न. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

आणि या पुस्तकाचं पहिलं पान नव्हतंच. मुळापासून कापलेलं.

गेल्या वर्षी आईच्या आजारपणात मी सात महिने माहेरी होते. मधेच इथलं घर सोडावं लागलं. नवऱ्याने हे लहान घर घेतलं आणि माझी पुस्तकं नणंदेच्या तळघरात ठेवली. नोव्हेंबरात मी परत आले त्याच दिवशी, जेवताना, नणंदेने सांगितलं, "अगं, पाइप फुटला तळघरात. सगळी भिजली. लगदा झाला नुसता. टाकावी लागली." नवरा ताटाकडे बघून जेवत होता. मोठ्या बहिणीपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे काय मला आज कळतंय?

मी ते पुस्तक नाकाला लावलं. ओलीचा वास नाही, डाग नाही. खडखडीत कोरडं.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं की तिला कळलंच. दिवा आणायचा राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे त्रेचाळीस होती. अकरा वर्षांत जमवलेली. ज्यांना इंग्रजी पुस्तक कोपऱ्यावर मिळतं त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. इथली लिपी मला आजही दुकानांच्या पाट्यांपुरती येते. मराठी पुस्तकं सामानात येतील तेवढीच, आणि त्यातही वजनावरून लोणच्याच्या बरणीशी भांडण. उरलं इंग्रजी. घरी असताना ती परीक्षेपुरती भाषा होती. इथे आल्यावर रस्त्यात इंग्रजी पुस्तक दिसलं की ओळखीचं कुणी हाक मारतंय असं वाटायचं.

कुठून कुठून मिळवली! हॉटेलात पाहुण्यांनी विसरलेली, तिथल्या सफाईवालीशी मैत्री करून. परदेशी मुलांची शाळा बंद पडली तेव्हा तिच्या कचऱ्यातून. एका म्हाताऱ्या अभियंत्याच्या विधवेकडून, तिच्याशी चार दुपारी पत्ते खेळून. प्रत्येकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी माझं नाव, तारीख आणि पुस्तक कसं मिळालं ते लिहीत असे. मराठीत. पुस्तक वाचून विसरायला होतं, ते कसं मिळालं हे विसरत नाही.

तीच पानं कापलीत बाईंनी. पुरावा नको म्हणून.

आज आणखी चार उचलली. चारही माझी. दुकानदार मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "शरद ऋतूत आली ही. चार खोकी. मी नव्हतो, बायको होती. गाडी एक बाई चालवत होती म्हणे."

गाडी. बाई. आमच्या घरात गाडी कुणाला चालवता येते? नवऱ्याला सायकलसुद्धा धड येत नाही. आता कुणी मला सांगू नये की मी उगाच संशय घेते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सोळा झाली. शिलाई मशीनच्या लाकडी पेटीत लपवली आहेत, वरून उसवलेले पडदे. नवरा त्या पेटीला हात लावत नाही.

आज कापलेली कड नीट बघितली. कात्रीचं काम नव्हे. पट्टी लावून, धारदार पात्याने, एका दमात. नवऱ्याची स्टीलची पट्टी लावून बघितली तर केसभर फरक नाही. राग बाजूला ठेवून सांगते, काम सुबक आहे. नणंदबाईंचा हात शिवणात असा सरळ चालता तर माझ्या ब्लाउजची बाही वाकडी झाली नसती.

संध्याकाळी नवरा कामावरून येताना चक्क एक पुस्तक घेऊन आला. इंग्रजी. स्टेशनवर कुणीतरी बाकावर ठेवून गेलं होतं. विषय मधमाशा पाळण्याचा. पंचवीस वर्षांत या माणसाने मला कधी पुस्तक आणून दिलं नव्हतं.

"तू हल्ली शोधायला जात नाहीस पुस्तकं," तो म्हणाला.

"कुठे मिळतात आता," मी म्हटलं. "आणि मिळून तरी काय. पुन्हा कुणाचा पाइप फुटायचा."

तो पेन्सिलला टोक काढत बसला. टोक आधीच होतं. बिचारा. बहिणीच्या करणीची लाज याला वाटते आणि तिला मात्र काही नाही.

एक गंमत. परवा बाजारातून येताना मी जुन्या सामानाच्या गल्लीकडे वळले तर हा हट्टाने लांबच्या रस्त्याने घेऊन गेला. म्हणे त्या गल्लीत कुत्रं आहे. मी रोज जाते, शेपूटसुद्धा दिसलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

देव आहे.

नणंदेचा फोन. बावीस मार्चला तिचा साठावा वाढदिवस, शनिवारी दुपारी, तीस-पस्तीस माणसं. "तू बोल ना गं चार शब्द. तुझी भाषा चांगली. बाकीचे नुसते केक खायला येणार."

मी म्हटलं, "बोलते की ताई. मनापासून बोलते."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. भाषण करायचं, भेट द्यायची, सगळ्यांदेखत उघडायला लावायची. पेटीत काय, तर पुस्तकं. एक्कावन्नावं पान मोठ्याने वाचायला लावायचं. मग पाइपची गोष्ट तिच्याच तोंडून पुन्हा ऐकायची. मी एकही वाईट शब्द बोलणार नाही. एवढ्या सभ्यपणे कुणाचं उट्टं काढलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तू आलीस परत, बरं झालं. फार वाळला होता गं तो. आता तरी दोघं सुखाने राहा." तोंडात साखर ठेवून बोलायला हिला कुणी शिकवावं लागत नाही.

२ मार्च, रविवार

एकतीस. दुकानातली माझी सगळी उचलून झाली. उरलेली कोणी नेली देव जाणे.

काल दुकानदाराची बायको भेटली. तिला तो दिवस चांगला आठवतो. म्हणाली, "बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. एका माणसाने खोकी आत आणली. शक्य असेल तर एकत्र ठेवा म्हणाला. आणि पैसे घेतले नाहीत. मी दोनदा विचारलं."

"माणूस कसा होता?"

"चेहरा नाही आठवत. खोकी ठेवून लगेच गेला नाही, एवढं आठवतं. पुस्तकं फळीवर मांडून, पाठी एका रेषेत आणून मग गेला. आमच्याकडे असं कुणी करत नाही."

भाड्याचा माणूस आणला असेल. पण पैसे घेतले नाहीत, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडचण असती, विकली असती, तर मी समजू शकले असते. फुकट दिली! म्हणजे निव्वळ दुष्टावा. माझं म्हणून जे काही या शहरात होतं ते घरातून घालवायचं, एवढाच हेतू.

कधी कधी वाटतं, सोडून द्यावं. साठ वर्षांची बाई. मी इथे नवी होते तेव्हा हिनेच मला दवाखान्यात नेलं, माझ्या वतीने बोलली. पण मग आठवतं ते गेलं सप्टेंबर. आई गेली आणि नवऱ्याला रजा मिळाली नाही. फोनवर मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते आठवत नाही आणि आठवायचंही नाही, ते माझं बोलणंच नव्हतं, दुःख बोलत होतं. त्यानंतर दोन महिने तो फोनवर "हो" आणि "बरं" एवढंच म्हणायचा. अशा वेळी बहिणीने काय करायचं? भावाला धीर द्यायचा की भावजयीची पुस्तकं वाटायची?

नाही सोडत.

२३ मार्च, रविवार

काल झालं. नीट लिहून ठेवते.

सकाळी लवकर गेले. तिच्या साडीचा पदर मीच पिना लावून दिला. ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या हाताला बरं वळण आहे." मी म्हटलं, "हो, सरळ रेषा आवडतात मला." तिला टोमणा कळला नाही.

केक कापून झाल्यावर मी बोलायला उभी राहिले. आधी हसवलं. तिच्या गाडी चालवण्यावर, तिच्या मोठ्या आवाजावर. लोक खूश. मग म्हटलं, "ताई, माझी भेट आत्ता उघडायची." तिने एकतीस पुस्तकांच्या पेटीवरचा कागद सोडला. "अगं बाई, पुस्तकं!" एक हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"एक्कावन्नावं पान उघडा ताई. खाली आकडा आहे, मोठ्याने वाचा."

"एकशे अठरा."

"आता ते निळं."

"सत्तावन्न." आवाज अगदी बारीक झाला होता.

मी सगळ्यांना सांगितलं, "ही माझी पुस्तकं. ताईंच्या तळघरात पाइप फुटला, त्यात यांचा लगदा झाला होता. बघा, किती छान वाळली आहेत."

कुणीतरी ताटलीत चमचा ठेवला तोही ऐकू आला. नवरा खुर्चीवरून उठला. नणंदेने माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, बस. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हो. मीच दिली. अडगळ होत होती. तुझ्याशी खोटं बोलले. चुकलं माझं." आणि तिने हात जोडले. साठ वर्षांच्या बाईने, स्वतःच्या वाढदिवशी, मी लावलेल्या पिना अंगावर असताना.

लोक पटापट निघाले. केक तसाच राहिला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरीही आज सकाळपासून चहा दोनदा केला आणि दोनदा ओतून दिला. नवरा येताना पूर्ण रस्ता एक शब्द बोलला नाही. आज सकाळपासूनही नाही. याला राग कशाचा? मी कुणाबद्दल खोटं बोलले का?

२४ मार्च, सोमवार

सकाळी कामावर निघताना नवऱ्याने कपाटावरून नकाशे ठेवायची लांब नळी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. चपला घालता घालता बोलला. एवढं सलग तो वर्षभरात बोललेला नाही.

"ताईचा काही संबंध नाही. मी दिली पुस्तकं. तिने फक्त गाडी आणली, तीही रडत रडत. तू म्हणाली होतीस फोनवर. 'मी आता परत येत नाही, तिथे माझं आहे काय, चार खोकी पुस्तकं, ती दे कुणाला तरी आणि माझं नाव त्या घरात ठेवू नकोस.' मी दोन आठवडे थांबलो. तू पुन्हा फोन केलास तेव्हाही तेच म्हणालीस. मग दिली."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "मग तू येते म्हणालीस. मी तुला सगळं सांगणार होतो. ताई म्हणाली, ती आई गमावून येतेय, आता तिला तिचेच शब्द नको ऐकवूस. माझ्यावर घाल, म्हणाली. पाइपची गोष्ट तिचीच."

दारात थांबून, माझ्याकडे न बघता, "तू सांगितलंस तसं सगळं केलं. नाव तेवढं टाकवेना."

तो गेला. मी नळीचं झाकण काढलं. आत गुंडाळलेली पानं होती. एकशे त्रेचाळीस. प्रत्येकावर माझं नाव, तारीख, पुस्तक कसं मिळालं ते. क्रमाने लावलेली. सरळ कडेची.

आठवतंय मला. खोटं कशाला लिहू, अगदी शब्द न् शब्द आठवतोय. माहेरच्या ओट्यापाशी उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात आईच्या औषधांचा डबा. "दे टाकून" म्हणताना मी तो डबा आपटला होता.

शाळेच्या ग्रंथालयात मी पुस्तकचोर पकडण्यात पटाईत होते. एकदाही चुकीच्या मुलीवर आळ घेतला नाही.

२६ मार्च, बुधवार

नणंदेकडे गेले. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून अर्धा चेहरा.

"ताई, मला माफ करा. मला काही ठाऊक नव्हतं."

"ठाऊक करून घ्यायचं असतं. घरात दोनच माणसं. एकाला विचारायचं सुचलं नाही तुला?"

"सुचलं नाही." याहून दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"माझे पस्तीस पाहुणे होते," ती म्हणाली. "सत्तावीस जणांनी फोन केला. काही विचारलं नाही कुणी. नुसती तब्येतीची चौकशी."

मी मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले आणि घाण केली. "ती पुस्तकं तुम्हाला नकोशी असतील. मी घेऊन जाते."

"का? भेट दिलीस ना? सगळ्यांसमोर? आता माझी आहेत." फटीतला डोळा चमकला. "वाचणार आहे मी. माझं इंग्रजी शाळेतच राहिलं, दिवसाला एक पान होतं कसंबसं. एकतीस पुस्तकं आहेत. संपली की बोलू आपण."

दार लावलं. जिन्यात उभी राहून मी हिशेब केला. मी ब्याऐंशी वर्षांची झाले तरी ती वाचतच असेल. सूड असा घ्यावा. मी उगाच पेटी, कागद, पस्तीस माणसं एवढा खटाटोप केला.

३० मार्च, रविवार

नवरा घरात आहे, जेवतो, दिवा लावतो, नकाशे काढतो. बोलत नाही. विचारलं तर "हो" आणि "बरं". फोनवरचे ते दोन महिने आता घरात आलेत आणि मला प्रत्यक्ष बघावे लागताहेत.

आज मी नळीतून एकतीस पानं वेगळी काढली. नणंदेकडच्या पुस्तकांची. तिचं दार वाजवलं. उघडलं नाही. आतून चालण्याचा आवाज आला आणि दारापाशी थांबला.

"ताई, ही तुमच्या पुस्तकांची पहिली पानं," मी म्हटलं. "पुस्तकं तुमची तर ही पण तुमचीच." आणि दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून एकेक आत सरकवली. बराच वेळ लागला. गुंडाळून राहिल्यामुळे पानं सरळ होत नव्हती, फटीत अडकत होती.

आत कागद उचलल्याचा आवाज. मग चष्म्याच्या डबीचा. मग तिने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. मराठी असल्यामुळे कुठे अडली नाही. सफाईवालीचं पान, पत्ते खेळल्याचं पान. एका ठिकाणी हसू दाबल्याचाही आवाज आला. मग ती थांबली, आणि पुढचं हळूहळू वाचलं.

"पुस्तक क्रमांक एकोणीस. आज शहराबाहेरच्या गोदामात गेलो. मला तिथली भाषा येईना, नकाशा कळेना. ताईंनी कामावर खोटं सांगून सुट्टी काढली आणि गाडीतून नेलं. तीन तास माझ्यासाठी थंडीत उभ्या राहिल्या. एकच पुस्तक मिळालं तर म्हणाल्या, एक तर एक, रिकाम्या हाताने नाही ना चाललो. या शहरात मला बहीण मिळाली."

मी हे लिहिलं होतं, हे मला आठवतही नव्हतं. जिन्यात बसून पदर तोंडात धरून रडले. आत पानं एकावर एक रचल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "डिंक आणलायस का?"

"नाही."

"मग ही चिकटवायची कशाने? थुंकी लावून? जा, घेऊन ये. माझ्या डोळ्यांदेखत चिकटवायची, एकतीसही. आणि बडबड करायची नाही."

मी जवळजवळ धावतच खाली आले. रविवार. सगळी दुकानं बंद. घरी परतले, दम लागला होता. नवरा टेबलाशी होता. मी म्हटलं, "डिंक हवाय. ताईंनी मागितलाय. पानं चिकटवायला."

त्याने पट्टी बाजूला ठेवली. खणातून बाटली काढली, एक बारीक ब्रश काढला, त्याचे केस बोटाने सरळ केले आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"कडेला पातळ लाव," तो म्हणाला. "जास्त लावलास तर पान सुरकुततं."